मोठ्याने वाच म्हणणाऱ्या पुस्तकबाई

कालव्याचा पूल मागे पडला तरी आम्हा दोघींत एक शब्द झाला नव्हता. पुस्तकबाई पुढे, मी मागे. बसने आलो असतो तर एव्हाना काम उरकून परतलोही असतो. पण पुस्तकबाईंना बस सोसत नाही, नुसत्या वासाने त्यांच्या पोटात ढवळतं. त्यामुळे त्या सगळीकडे पायी जातात, आणि त्यांच्याबरोबर जायची वेळ ज्याच्यावर येते त्याचीही तंगडतोड होते. आज ती वेळ माझ्यावर होती.

"चप्पल चावतेय का गं?" त्यांनी मागे न बघताच विचारलं.

"नाही."

"मग अशी फरपटत का येतेस?"

"तुम्ही पळताय म्हणून."

"पळत नाही मी. भीती वाटली की माझी चाल अशीच होते."

हे ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? एका बाजूला गोदामांची लांबच लांब भिंत, दुसऱ्या बाजूला कालव्याचं हिरवट पाणी, आणि आमच्या अख्ख्या शाळेने डोक्यावर घेतलेली बाई माझ्यापुढे घाबरून चालली होती. मी दोन पावलं भरभर टाकून त्यांच्या बरोबरीने आले. तोंड बघावं म्हणून.

आम्ही निघालो होतो नववीतल्या एका मुलीच्या घरी. आवाज बारीक म्हणून तिला सगळे चिमणी म्हणतात. चिमणीने शाळेत येणं बंद केलं होतं, आणि ते पुस्तकबाईंमुळे. आई तिचं नाव काढून घेणार, दाखला मागणार, अशी कुणकुण लागली तेव्हा मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, ठरवलं की दोघींनी घरी जाऊन यायचं. दुसरी मी. मी भाषा शिकवते, आणि मूल्यशिक्षणाचा तास माझ्याकडे असतो. तेव्हा माझं नाव निघालं त्यात मला नवल वाटलं नाही. घाण एकीने करायची आणि पुसायला मूल्यशिक्षण, एवढंच मनात आलं.

पुस्तकबाई आमच्या शाळेच्या ग्रंथपाल. त्या आल्या तेव्हा मी शाळेत चांगली मुरलेली होते. शाळेआधी त्या एका छापखान्यात होत्या. तिथे छापायच्या मजकुराच्या चुका शोधायला दोन माणसं बसत. एकाने मूळ लिखाण मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने छापलेल्या कागदावर बोट ठेवून ऐकायचं. वाचणाऱ्याने स्वल्पविरामसुद्धा तोंडाने म्हणायचा. पुस्तकबाईंनी तरुणपण तिथे घालवलं. छापखाना बंद पडला तेव्हा आमच्या शाळेत पुस्तकांना कव्हरं घालायला म्हणून आल्या, टपालाने शिकून ग्रंथपालाची परीक्षा दिली आणि कायम झाल्या. केस आखूड, साडी कडक, आणि हातात सदा सुई-दोरा. फाटक्या पुस्तकांची पाठ शिवत बसलेल्या असत.

लग्न केलं नाही. ठरलं होतं म्हणतात, मग मोडलं. शिक्षकांच्या खोलीत एकदा कुणीतरी विचारलंच, तर म्हणाल्या, "मुलाची पत्रं यायची. छान वाटायची. एकदा मोठ्याने वाचून बघितलं."

"मग?"

"मग काय? नाही म्हणून कळवलं."

सगळ्या हसल्या. खरं की थट्टा, कुणाला कळलं नाही. घड्याळाच्या दुकानावर दोन खोल्यांत भाऊ आणि वहिनीबरोबर राहतात. वहिनी एकदा शाळेत आली होती ती सांगत होती, "आमच्या वन्संना किराणाची पुडीसुद्धा वाचल्याशिवाय फेकवत नाही. कचऱ्याची बादली घेऊन मी दारात उभी, आणि या आपल्या वाचताहेत!" वहिनीच्या बोलण्यात टोमणा होता, पण बोलताना तिने नणंदेचा दुमडलेला पदर सरळ केला. मला तेही लागलं. माझी जाऊ माझा पदर कधी सरळ करेल तर शपथ.

आता मूळ गोष्ट. शाळेत फोन आणायला बंदी आहे, पण घरी गेल्यावर मुलं त्याच्यावरच. वर्गावर्गाचे गट. रात्री तिथे काय काय शिजायचं ते सकाळी वर्गात उतू जायचं. कोण कोणाशी बोलत नाही, कोणाच्या चेहऱ्यावर कोणी गाढवाचे कान काढले, कोणाला गटातून हाकललं. गणित शिकवू का भांडणं सोडवू, असं सगळ्यांना झालेलं. तेवढ्यात संस्थेकडून फर्मान आलं: 'डिजिटल नागरिकत्व' शाळेच्या संस्कारांत रुजलं पाहिजे. मोठ्या बाईंनी ते शब्द दोनदा वाचले आणि कागद माझ्याकडे सरकवला. "संस्कार तुमच्याकडे."

मी कंबर कसली. नियम लिहून काढले. दुसऱ्याचा फोटो विचारल्याशिवाय पुढे पाठवू नये. अनोळखी माणसाला घरचा पत्ता देऊ नये. ऐकलेली गोष्ट खरी मानण्याआधी शहानिशा करावी. चित्रकलेच्या सरांना सुटीच्या दिवशी बोलावून मधल्या बोळातल्या भिंतीवर ते निळ्या अक्षरांत रंगवून घेतले. प्रत्येक नियमावर एकेक तास घेतला, गोष्टी सांगितल्या, प्रश्नोत्तरं घेतली. देवाला रोज म्हणत होते, एवढं माझ्या हातून होऊ दे. मुलं "हो बाई" म्हणायची. मग त्या भिंतीला दप्तरं टेकवून बसायची. पावसाळ्याआधीच निळा रंग पुसट झाला.

आणि तिकडे पुस्तकबाईंनी एक दिवस काहीच न ठरवता सगळं करून टाकलं.

सातवीतले दोन मुलगे ग्रंथालयात एकमेकांची कॉलर धरून उभे. एकाने गटात दुसऱ्याला काहीतरी लिहिलं होतं. पुस्तकबाईंनी सुई पुस्तकात खोचली. "काय लिहिलंस?"

"मस्करी होती बाई."

"मग वाच की. आम्हीही हसू."

मुलांनी फोन चोरून आणलेलाच होता. मुलाने वाचायला घेतलं. "तू एक नंबरचा..." आणि थांबला.

"पुढे. मोठ्याने. धडा वाचतोस तसा."

त्याने वाचलं. कान लाल झाले.

"चेहरे राहिले."

"ते कसे वाचू बाई?"

"जसे आहेत तसे."

"हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा. हसून हसून..." चौथ्या चेहऱ्याला, ज्याला शिवी होती तोच फिसकन हसला. मग वाचणाराही हसला. पुस्तकबाई म्हणाल्या, "झालं? जा आता. फोन मोठ्या बाईंकडे ठेवून जा." संपलं. ना उपदेश, ना गोष्ट, ना तात्पर्य.

त्यानंतर रीतच पडली. कुणाला काही लागलं की ते मूल ग्रंथालयात येऊन सांगायचं. ज्याने लिहिलं त्याने समोर बसून ते वाचायचं, स्वतःच्या आवाजात, चेहऱ्यांसकट. तिसरं कोणी नाही. पुस्तकबाई बाजूला पुस्तक शिवत बसणार. बहुतेकांचं गाडं दुसऱ्या ओळीलाच अडायचं. बोटं भराभर लिहून जातात, पण जीभ अडते, असं त्या म्हणायच्या. मुलांमध्ये एक वाक्यच रूढ झालं. कोणी गटात वाकडं लिहायला लागलं की खाली दुसरं कोणी लिहायचं, "वाचून दाखवशील का?" की तो गप्प. ते वाक्य नववी-दहावीत गेलं, पालकांत गेलं, शिक्षकांच्या गटातही आलं. पालकसभेत एक बाप उठून म्हणाला, "आमच्या घरी आता नवरा-बायकोच्या भांडणातही हेच चालतं." टाळ्या पडल्या. पुस्तकबाई मागच्या रांगेत जांभई देत होत्या.

मी पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. हात दुखेपर्यंत. शिक्षकांच्या खोलीत गणिताच्या बाई चहा ओतता ओतता म्हणाल्या, "तुमची मूल्यं भिंतीवर हो, त्यांची मुलांच्या तोंडात." त्यांना ते गंमत म्हणूनच म्हणायचं होतं. मला तो चहा जाईना.

त्याहून वर्मी लागलं ते घरी. माझी मुलगी याच शाळेत आठवीत आहे. एकदा मी ओट्याशी उभी राहून जाऊबाईंना निरोप लिहीत होते. सासऱ्यांना दवाखान्यात न्यायची पाळी त्यांची होती आणि त्यांनी ऐन वेळी कानावर हात ठेवले होते. मी असं काही मोजून मापून लिहिलं होतं की वरून साखर आणि आत मिरची. मुलगी मागे येऊन उभी.

"आई, वाचून दाखवशील का?"

"काय?"

"काकूला लिहिलंस ते. मोठ्याने."

"तू अभ्यासाला बस."

"बघ, नाही ना येत वाचता?" असं म्हणून हसत निघून गेली.

पोर माझ्या पोटची, आणि तोंडात वाक्य दुसरीचं. त्या संध्याकाळी मी देवापुढे बसले तरी डोळ्यांपुढे पुस्तकबाईच. सुई-दोरा घेऊन. म्हटलं, देवा, माझं मन एवढं कोतं ठेवू नकोस. आणि उठताना मनात हेही आलं, की एकदा तरी हिचं काहीतरी चुकू दे. दोन्ही मागण्या एकाच बैठकीत. देव तरी काय करणार!

ते चुकलं. असं चुकलं की त्याचा आनंद मला धड करता येईना.

शाळेत एक दिवस गणवेशाला सुटी होती, मुलांनी आवडीचे कपडे घालून यायचं होतं. चिमणीची आई शिवणकाम करते. कुणाच्या तरी बंगल्याचे पडदे शिवून उरलेल्या जाड राखाडी कापडाचा तिने लेकीला झगा शिवला. पुढे चुण्या, कमरेला पट्टा, दोन खिसे. चिमणी तो घालून आली आणि दिवसभर खिशांत हात घालून फिरली. "किती छान!" म्हणाल्या सगळ्या मुली. वर्गाच्या खेळाच्या संघाची कप्तानसुद्धा म्हणाली.

त्याच रात्री कप्तानने गटात लिहिलं. पडदा आला. पडदा उघडा. पडद्यामागे उंदीर. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. दोन दिवसांनी त्याच वर्गातल्या एका भल्या मुलीला राहवलं नाही, तिने पुस्तकबाईंना सांगितलं. पुस्तकबाईंनी मधल्या सुट्टीत कप्तानला आणि चिमणीला बोलावलं, समोरासमोर बसवलं आणि म्हणाल्या, "वाच."

कप्तान हुंदके देत देत वाचत गेली. सगळं. चेहऱ्यांसकट.

यात चूक कुठे ते कुणाच्याही लगेच ध्यानात आलं नसतं. आजवर ज्याला लागलं तो स्वतः तक्रार घेऊन येत होता. या वेळी आली ती तिसरी. चिमणी त्या गटात नव्हतीच. तिच्या घरी एकच फोन, तो आईचा, गिऱ्हाइकांसाठी. तिला कशाचा पत्ता नव्हता. अजून ती मनातल्या मनात तो झगा घालून फिरत होती. जे तिच्या कानापर्यंत कधीच पोचलं नसतं, ते पुस्तकबाईंनी तिला समोर बसवून, कप्तानच्या तोंडून, ओळ न् ओळ ऐकवलं.

"ती रडलीच नाही," माझ्या मुलीने मला येऊन सांगितलं असं म्हणता येणार नाही, कारण ती मला हल्ली काही सांगत नाही. मैत्रिणीला फोनवर सांगत होती, मी ऐकलं. "ती नुसती म्हणाली, कधी लिहिलं? ज्या दिवशी मी घातला होता त्याच दिवशी? आणि दप्तर घेऊन गेली."

मग आली नाही. वर्गाने माफीचं मोठं कार्ड बनवलं, त्यावर सगळ्यांच्या सह्या. ते घेऊन मुली तिच्या घराखाली गेल्या. तिने खिडकी लावून घेतली.

आणि मी? बातमी ऐकली तेव्हा आधी पोटात गार वाटलं. मग चिमणीचा चेहरा आठवला, आणि ते गार नकोसं झालं. पण होतं.

गोदामांची भिंत संपली. तिथून अरुंद रस्ता चढाचा होता, दोन्ही बाजूंना तीन-चार मजली जुन्या इमारती, जिन्यांत सायकली अडकवलेल्या. पुस्तकबाई एका जिन्याशी थांबल्या, पदराने मान पुसली.

"वर गेल्यावर तू बोलशील का आधी?" त्यांनी विचारलं.

"मी का? ऐकवलं तुम्ही."

"हो, तेही खरंच," असं म्हणून चढायला लागल्या.

दार उघडंच होतं. एका खोलीचं घर. खिडकीशी शिवणयंत्र, भिंतीला लटकवलेले अर्धवट ब्लाउज, कोपऱ्यात गिऱ्हाइकांच्या नावांच्या पिशव्या. चिमणीच्या आईने मान वर केली, आम्हाला ओळखलं, आणि पुन्हा पाय चालवायला लागली. यंत्राच्या खडखडाटात आम्ही उभ्या. तिच्या हातात काय होतं ते मी पाहिलं. तोच राखाडी झगा, उसवलेला. ती त्याचे उशीचे अभ्रे शिवत होती.

"आम्ही शाळेतून..." मी सुरू केलं.

"माहीत आहे." तिने पाय थांबवला. "तीच म्हणाली, याचे अभ्रे कर. म्हटलं करते. कापड चांगलं आहे, वाया का घालवू? सहा रात्री बसले होते याच्यावर, गिऱ्हाइकांचं काम झाल्यावर. त्या दिवशी पोरगी आरशापुढून हलत नव्हती." तिने दोरा दातांनी तोडला. "तिला काही ठाऊक नव्हतं हो बाई. पोरी लिहितात, आमच्या वेळीही मागून बोलायच्याच. तिच्या कानांवर आलं नव्हतं. तुम्ही बोलावून घातलंत कानांत."

"हो," पुस्तकबाई म्हणाल्या. "मी घातलं."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. आता 'पण' येणार. माझा हेतू, शाळेची पद्धत, असं काहीतरी. माझ्याकडे तीन-चार 'पण' तयार होते, त्यांना उसने द्यायला. त्यांचा एकही आला नाही. त्या तशाच उभ्या राहिल्या, हात लोंबते सोडून. ते हात एवढे रिकामे मला कधी दिसले नव्हते.

"तिला हे माहीत आहे की नाही, एवढं मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं. तुमच्या झग्याचं मी वाटोळं केलं."

आईने स्टूल पुढे ढकललं. "बसा."

पडद्यामागून चिमणी आली. घरातला साधा फ्रॉक, केस न विंचरलेले. तिने आधी माझ्याकडे बघितलं. "बाई, तुम्ही का आलात?"

दोन वर्षं तिला शिकवतेय मी. काय सांगणार? "सोबत," म्हटलं.

ती पुस्तकबाईंसमोर भुईवर बसली. बराच वेळ नखाने फरशीची फट उकरत राहिली. मग म्हणाली, "अजून आहे का?"

"काय?"

"लिहिलेलं. तेवढंच होतं, की अजून आहे? मला रात्री तेच येतं मनात. प्रत्येक कपड्याचं असेल असं वाटतं."

आईचा हात यंत्राच्या चाकावर तसाच राहिला. मला वाटलं, आता ही नाही म्हणेल. मी तर नाहीच म्हटलं असतं, मुलीला बरं वाटावं म्हणून, आणि देवाने ते खोटं पोटात घातलं असतं.

पुस्तकबाई म्हणाल्या, "कप्तानने लिहिलं तेवढं सगळं तुला ऐकवलं. त्याखाली बाकीच्यांनी काय लिहिलं, ते मी वाचायला लावलं नव्हतं. मला ठाऊक आहे त्यात काय आहे ते. कपड्यांचं आणखी काही नाही, त्या एकाच दिवसाचं आहे. तुला ऐकायचं असेल तर सांगेन. नको असेल तर कधीच नाही सांगणार."

चिमणीने मान हलवली. "नको."

"बरं."

"हे आधी विचारायला पाहिजे होतं तुम्ही. ऐकायचंय का म्हणून."

"हो गं."

"मी नको म्हटलं असतं."

"मग मी कप्तानला एकटीला वाचायला लावलं असतं. माझ्यापुढे."

"ते चाललं असतं," चिमणी म्हणाली. तिच्या आवाजात जरा धार आली होती. "आणि ती कप्तान रोज शाळा सुटल्यावर खाली येऊन उभी राहते. काही बोलत नाही, नुसती उभी राहते. मला खिडकीत जाता येत नाही. आणि ते कार्ड! त्यात चकाकी लावलीय, घरभर झालीय. तिला सांगा, येऊ नको. मीच येईन."

आईने झटकन विचारलं, "कधी?"

"परवा."

"उद्या का नाही?"

"उद्या विज्ञानाची चाचणी आहे."

आईने तोंडावर पदर घेतला. हसली की रडली ते मला दिसलं नाही, पण खांदे हलत होते. मग तिने अर्धवट शिवलेला अभ्रा बाजूला ठेवला आणि आम्हाला पाणी दिलं. दाखल्याचा विषय निघालाच नाही.

परतीच्या वाटेवर पुस्तकबाईंची चाल बदलली होती. सावकाश, रमतगमत. चढ उतरून आम्ही पुन्हा कालव्याशी आलो. संध्याकाळचं ऊन पाण्यावर पडलं होतं, गोदामांतली माणसं डबे घेऊन घरी निघाली होती. मी काही बोलत नव्हते, कारण तोंड उघडलं असतं तर बाहेर काय पडलं असतं याचा भरवसा नव्हता. हिने बरोबर केलं तेव्हा टाळ्या हिला. हिने चूक केली, तर त्या चुकीची माफीसुद्धा हिलाच अशी मागता येते की मूल परत शाळेत येतं. मला 'तुम्ही का आलात'.

"तुला मोठ्या बाईंनी नाही धाडलं," पुस्तकबाई एकदम म्हणाल्या. "तुझं नाव मी सांगितलं."

"तुम्ही? का?"

"गणिताच्या बाई चालल्या होत्या यायला."

"मग त्यांना न्यायचं. तुमचं गुणगान गात आल्या असत्या वाटभर."

"म्हणूनच नको होत्या." त्या थांबल्या. कठड्याला टेकल्या. "तू माझ्यावर जळतेस, ठाऊक आहे मला."

माझे कान तापले. "कोण म्हणालं?"

"तुझी लेक."

"ती काय बोलली?"

"म्हणाली, आई तुमचं नाव घेते तेव्हा भांडी जोरात आपटते." त्यांनी हसू दाबलं. "रागावू नकोस तिच्यावर. कौतुकाने सांगत होती. म्हणाली, आईच्या नजरेतून काही सुटत नाही, माझी वही उघडली की आधी चूक सापडते तिला."

असं माझ्याबद्दल माझी लेक बोलते, हे मला दुसरीकडून ऐकावं लागत होतं. तिच्याकडून. राग आला, आणि त्या रागात गोड कसलं तरी मिसळलं, त्यामुळे तो धड रागही राहिला नाही.

"ऐक," त्या म्हणाल्या. "शाळेत सगळ्यांना माझं पटतं. मोठ्या बाई भाषणात सांगतात, पालक टाळ्या देतात. त्या दिवशी ग्रंथालयात यांतलं कुणीही बसलेलं असतं, तरी एकानेही विचारलं नसतं की अहो, या पोरीला हे माहीत तरी आहे का. माझ्यासारखंच त्यांनाही ते सुचलं नसतं. तू असतीस तर तुला सुचलं असतं."

"कशावरून?"

"मला खोटं पाडायला का होईना, पण तू शोधलं असतंस. तू माझ्याकडे बघतेस तशी मी स्वतःकडेही बघत नाही."

समोरून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. आम्ही दोघी कठड्याला चिकटलो.

"मी हे बंद करणार होते," त्या म्हणाल्या. "सकाळी निघताना ठरवलं होतं. पण मुलं यायची थांबणार नाहीत. उद्याच सहावीतल्या दोघी येणार आहेत, एकीने दुसरीच्या आजारी भावावरून काहीबाही लिहिलंय. मला त्यात एकटीने बसायचा आता धीर नाही. तुझा तास नसतो तेव्हा. येशील? माझ्या बाजूला नको, समोर बस. आणि माझं काही चुकतंय असं वाटलं की मुलं असोत नसोत, तिथल्या तिथे मला थांबव. मनात ठेवून घरी नेऊ नकोस."